पेरेंट डिरेक्टरी

पान पांढरं फटक असतं. वर डाव्या कोपऱ्यात जाड अक्षरांत 'इंडेक्स ऑफ' आणि एक तिरकी रेघ. खाली निळ्या, अधोरेखित नावांची यादी. प्रत्येक नावासमोर तारीख, वेळ, आकार. ना चित्र, ना जाहिरात, ना 'आमच्या कुकीज स्वीकारा' म्हणून गळ्यात पडणारी चौकट. आणि यादीच्या डोक्यावर एक लहानसा दुवा: 'पेरेंट डिरेक्टरी'. म्हणजे एक पायरी वर. ही खोली ज्या घरात आहे, त्या घराच्या माजघरात.

मला ही पानं फार आवडायची. आवडायची असं भूतकाळात लिहिलंय खरं, पण आवड काही एका दिवसात जात नाही. इंटरनेट लहान होतं तेव्हाचा वास या पानांना अजून आहे. चित्रपट दाखवणाऱ्या आजच्या कुठल्याही ॲपमध्ये शिरलं की पोस्टरं अंगावर धावून येतात, न विचारता ट्रेलर वाजायला लागतात, आणि आपल्याला काय आवडेल हे आपल्याआधी त्यालाच ठाऊक असतं. इथे नावं वर्णक्रमानं निमूट बसून असतात, जुन्या ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणासारखी. कोणी काही विकत नाही, म्हणजे कोणी काही लपवतही नसेल, असा एक भाबडा समज आपोआप होतो. माझा झाला होता.

निमित्त एका सिनेमाचं. लहानपणी रात्री उशिरा टीव्हीवर अर्धाच पाहिलेला, कृष्णधवल. रिकाम्या स्टेशनवर एक बाई उभी आहे, गाडी येते आणि न थांबता निघून जाते, बाई हात वर करते आणि तसाच ठेवते. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण मला झोपायला पाठवलं गेलं. नाव कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. ते इथे मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे आत्ता शोधायला पळतील आणि लेख वाचायचा राहील. तर नाव कळल्यावर मी तो सगळीकडे शोधला. पैसे भरून बघायच्या जागी नव्हता, फुकट बघायच्या जागी नव्हता, डिस्क कधीकाळी निघाली होती ती संपली होती. मग एका रात्री सर्च इंजिनात नाव जरा वेगळ्या तऱ्हेनं टाकलं आणि समोर ते पांढरं पान आलं.

अशी पानं कोणी बसून बनवत नाही, हे मला उशिरा कळलं. ती होतात. ब्राउझरनं एखाद्या फोल्डरचा पत्ता मागितला की सर्व्हर, म्हणजे पलीकडचा फाइली पुरवणारा संगणक, आधी त्या फोल्डरात 'इंडेक्स' नावाचं पान ठेवलंय का ते बघतो. असेल तर ते दाखवतो. नसेल, आणि यादी दाखवायची मुभा सेटिंगमध्ये चालू असेल, तर जागच्या जागी यादी तयार करून देतो. १९९५ साली आलेल्या अपाचे सर्व्हरमध्ये हे काम करणारा वेगळा भागच आहे, ऑटोइंडेक्स नावाचा. एनजिनएक्स या दुसऱ्या प्रसिद्ध सर्व्हरमध्ये ही सोय मुळात बंद असते, हातानं चालू करावी लागते. दारावर कोणी नसलं की रखवालदार 'मालक घरात नाहीत' असं न म्हणता आतल्या सामानाची यादीच वाचून दाखवतो, तसला हा कारभार.

आणि यात वाईट काहीच नाही. लिनक्सच्या प्रती जगभरातल्या विद्यापीठांच्या सर्व्हरवरून अशाच पानांतून वाटल्या जातात. ब्लेंडर हे त्रिमितीय ॲनिमेशनचं मोफत सॉफ्टवेअर बनवणारी जी संस्था आहे, तिनं आपले लघुपट अशाच साध्या यादीत ठेवलेत: २००६चा 'एलिफंट्स ड्रीम', २००८चा 'बिग बक बनी', २०१०चा 'सिंटेल'. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली. उतरवून घ्या, दाखवा, वाटा, फक्त श्रेय द्या. म्हणजे पांढरं पान हा गुन्हा नाही. अडचण वेगळीच आहे. मुद्दाम उघडं ठेवलेलं पान, चुकून उघडं राहिलेलं पान, फोडलेल्या सर्व्हरवर मालकाच्या नकळत कोणीतरी थाटलेलं पान आणि शिकार यावी म्हणून मांडून ठेवलेलं पान, ही चारही दिसायला जुळी भावंडं. तीच निळी नावं, तोच 'लास्ट मॉडिफाइड'चा रकाना. हे सामान कोणी, का ठेवलं, याचा रकाना त्या यादीत नसतो.

यातलं तिसरं भावंड बरंच जुनं आहे. १९९०च्या दशकात फाइलींची ने-आण करायच्या अनेक एफटीपी सर्व्हरवर 'इनकमिंग' नावाचं फोल्डर असायचं, कोणीही येऊन फाइल ठेवावी म्हणून. लोकांनी ठेवल्या. चोरीचे गेम, चोरीची सॉफ्टवेअरं, पुढे सिनेमे. सर्व्हरवाल्याला पत्ता लागायचा तो डिस्क भरून कामं अडल्यावर. आजही दुसऱ्याच्या जागेत आपला माल लपवायची रीत तीच आहे, फक्त जागा मोठ्या झाल्या.

तर माझा सिनेमा. पहिल्या पानावर तो आठ तुकड्यांत होता, रार फाइली, म्हणजे दाबून बसवलेली गाठोडी. आठही तुकडे रात्रभर उतरवले. सकाळी जोडायला गेले तर पासवर्ड मागितला. सोबत एक मजकुराची फाइल होती, तिच्यात लिहिलं होतं की पासवर्ड अमुक ठिकाणी मिळेल. तिथे गेले तर एक 'छोटासा सर्व्हे' भरा, मोबाइल नंबर द्या. तिथून मी परत फिरले. शहाणपणानं नव्हे, कंटाळून. आठ तुकड्यांत काय होतं कोण जाणे. बहुधा काहीच नसेल. कुलूप दाखवून किल्लीच्या नावाखाली नंबर गोळा करायचे, हा धंदा पेटी रिकामी असली तरी चालतो.

दुसऱ्या पानावर एकच फाइल होती, आकारही सिनेमाला शोभेल असा. ती चालू केली तर काळा पडदा आणि मधोमध इंग्रजी ओळ: हा व्हिडिओ बघायला खास प्लेअर लागेल, इथे क्लिक करा. माउस त्या ओळीवर गेला होता. मी हे कबूल करते, कारण 'असल्या जाळ्यात कोण अडकतं' असं आपण सगळेच दुसऱ्यांबद्दल म्हणतो. वीसेक वर्षांपूर्वी 'झ्लोब' नावाचा ट्रोजन, म्हणजे भल्याच्या वेषातला घातक प्रोग्रॅम, नेमका याच वाटेनं लाखो संगणकांत शिरला होता, व्हिडिओ बघायला लागणाऱ्या कोडेक नावाच्या पूरक प्रोग्रॅमचं सोंग घेऊन. युक्ती म्हातारी झाली तरी निवृत्त झालेली नाही, कारण ती संगणकाच्या भोकातून नाही, आपल्या उतावीळपणातून शिरते. इतकी वर्षं शोधलेला सिनेमा एका क्लिकवर आहे म्हटल्यावर हात स्वतःच पुढे जातो.

मग मी याबद्दल वाचायला लागले, आणि जरा जास्तच वाचलं. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शनं, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावाची शेपटं, मुळातच लपवून ठेवतं. त्यामुळे सिनेमाचं नाव, पुढे 'एमकेव्ही' हे व्हिडिओचं शेपूट, आणि त्याही पुढे 'ईएक्सई' हे प्रोग्रॅमचं, असं तिहेरी नाव असलं तर डोळ्याला फक्त 'एमकेव्ही'पर्यंतच दिसतं. आपण सिनेमा म्हणून दोनदा क्लिक करतो आणि चालू होतो प्रोग्रॅम. त्याहून कावेबाज प्रकार म्हणजे युनिकोडमधलं, जगभरच्या लिप्यांच्या संगणकी अक्षरसंचातलं, एक अदृश्य चिन्ह. अरबी, हिब्रू या उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिप्यांसाठी ते केलेलं आहे, त्याच्या पुढची अक्षरं उलट्या क्रमानं दिसतात. फाइलच्या नावात ते मधेच घुसवलं की शेवटचं 'ईएक्सई' नावाच्या पोटात कुठेतरी दिसतं आणि शेपटाला 'एमपीफोर' येतं. लिपीची सोय म्हणून जन्माला आलेलं चिन्ह, आणि त्याची ही गत. भाषेवर प्रेम असणाऱ्यांना वाईट वाटावं असं हे आहे.

एमकेव्ही म्हणजे मात्रोश्का. हे नाव २००२ साली या स्वरूपाला मिळालं ते रशियन बाहुल्यांवरून, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. एकाच फाइलीत चित्र, तीन भाषांतले आवाज, पाच भाषांतली सबटायटल्स, अगदी फॉन्टसुद्धा भरता येतात. नाव ठेवणाऱ्यानं कौतुकानं ठेवलं असणार. मला मात्र हल्ली ते नाव वाचलं की सगळ्यात आतली बाहुली कोणी बघितलीय, असा प्रश्न पडतो.

खरा धक्का सबटायटल्सचा होता. सबटायटल म्हणजे काय, साधा मजकूर. अमुक सेकंदाला ही ओळ दाखव, तमुक सेकंदाला काढ. त्याला कोण घाबरणार? २०१७च्या मे महिन्यात चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की नीट रचलेली सबटायटल फाइल व्हीएलसी, कोडी, पॉपकॉर्न टाइम आणि स्ट्रेमिओ या प्लेअरमध्ये उघडली की संगणकाचा ताबा दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. सबटायटल्सची पंचवीसच्या वर स्वरूपं, प्रत्येक वाचायचा प्रत्येक प्लेअरचा कोड वेगळा, आणि त्या कोडमध्ये भोकं. असे प्लेअर जवळपास २० कोटी ठिकाणी असावेत असा त्यांचा अंदाज होता. भोकं बुजवली गेली, नव्या आवृत्त्या आल्या. पण त्याआधी दोन वर्षं, २०१५ साली, अँड्रॉइडमध्येही तेच घडलं होतं. 'स्टेजफ्राइट' नावाच्या व्हिडिओ वाचणाऱ्या भागातच भोक, आणि नुसत्या मल्टिमीडिया मेसेजमधून आलेला व्हिडिओ पुरे. सिनेमाची फाइल म्हणजे बघायची वस्तू, करणारी नव्हे, हा आपला समज. संगणकाच्या लेखी तीही वाचून काढायचा डेटाच, आणि वाचणारा चुकू शकतो.

हे सगळं वाचूनही मी शोधत राहिले. सांगायचं ते पुढेच आहे.

तिसऱ्या पानावर सिनेमा होता. नाव बरोबर, साल बरोबर, दिग्दर्शकाचं आडनावही कंसात. ज्यानं कोणी ठेवला होता त्यानं निगुतीनं ठेवला होता. त्याच फोल्डरात त्याच काळातले आणखी चाळीसेक सिनेमे, एकाच पद्धतीनं नावं दिलेले. माझ्यासारखंच वेड असलेलं माणूस असणार हे दिसत होतं. डाउनलोड सुरू केलं. वेग मंद होता, पाच तास दाखवत होता. पाच तास काय करायचं? मी वर बघितलं. पेरेंट डिरेक्टरी.

एक पायरी वर गेले तर फोल्डरांची नावं: 'सिनेमे', 'गाणी', 'बॅकअप', 'फोटो', 'स्कॅन'. नावं त्या माणसाच्या भाषेत होती, पण कळायला अवघड नव्हती. 'फोटो'मध्ये सालवार फोल्डरं. एकात शिरले. लहान मूल, वाढदिवस. एक म्हातारी बाई खिडकीत बसलेली. तीच बाई दुसऱ्या सालात पलंगावर, नाकात नळी. तिथून मी परत मागे आले आणि 'स्कॅन' उघडलं. का उघडलं? माझ्यापाशी याला बरं उत्तर नाही. यादीत पासपोर्ट हा शब्द होता, पुढे चार नावं. बँक हा शब्द होता. इस्पितळाचे कागद असावेत अशा नावांच्या बऱ्याच फाइली होत्या. त्यांतली एकही मी उघडली नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण नावं तर वाचलीच.

पलीकडे सिनेमा उतरत होता. तेरा टक्के.

सर्व्हर सांभाळणारा माझा एक जुना मित्र आहे. रात्री अकराला त्याला फोन केला. सगळं ऐकून तो आधी हसला, मग म्हणाला, "घरातली स्टोरेजची पेटी असणार ती. फोटो, सिनेमे ठेवायला लोक घेतात. बाहेरून आपल्याला उघडता यावी म्हणून राउटरमध्ये वाट काढून देतात, किंवा पेटी स्वतःच काढून घेते. पासवर्ड टाकायचा राहतो."

"त्याला कळत नसेल?"

"कसं कळणार? त्याच्याकडून सगळं नीट चाललंय. आणि बाई, तू पहिली नाहीस तिथे. सर्च इंजिनाला सापडलं म्हणजे यंत्रं येऊन गेली, यंत्रं आली म्हणजे वाईट माणसंही येऊन गेली." मग त्यानं मला डेडबोल्टची गोष्ट सांगितली. २०२२च्या जानेवारीत या नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं, इंटरनेटला थेट जोडलेल्या क्यूनॅप कंपनीच्या अशा हजारो पेट्यांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि सोडवायला बिटकॉइन मागितले. पेट्यांमध्ये काय होतं? हेच. वाढदिवस, खिडकीतल्या म्हाताऱ्या बायका.

"आणि तू जी फाइल उतरवतेयस ना," तो म्हणाला, "ती त्याच्या घरच्या कनेक्शनवरून येतेय. त्याचं इंटरनेट आत्ता गोगलगाय झालं असेल. तुझा आयपी पत्ता, वेळ, कुठली फाइल, कुठला ब्राउझर, सगळं त्याच्या लॉगमध्ये, नोंदवहीत, बसलंय. त्यानं बघितलं तर त्याच्या दृष्टीनं चोर तू आहेस."

हे मला लागलं. तोवर माझ्या डोक्यात धोका म्हणजे मला असलेला धोका. व्हायरस मला, फसवणूक माझी, दंड मला. दुसऱ्याच्या माजघरात उभी राहून मी आपल्या पायाला काटा तर लागणार नाही ना, एवढंच बघत होते. डाउनलोड बंद केलं. एकवीस टक्क्यांवर. त्यागाची भावना वगैरे काही नव्हती, चक्क चिडचिड होती.

इथे एक अवांतर. सर्च इंजिनांना 'इकडे येऊ नका' सांगायची एक रीत आहे, रोबॉट्स नावाची मजकुराची छोटी फाइल. १९९४ साली मार्टिन कोस्टर यांनी सुचवली, आणि तिला औपचारिक मानकाचा दर्जा मिळाला तो २०२२ साली. अठ्ठावीस वर्षं सगळं इंटरनेट एका सभ्य विनंतीवर चाललं. पण ती विनंतीच. सज्जन यंत्र पाळतं, दुर्जन पाळत नाही. उलट 'या फोल्डरात येऊ नका' असं लिहिलं की त्या फोल्डराचं नाव सगळ्या जगाला कळतं. दडवायची जागा पाटी लावून दाखवायची, यावर मित्र अजूनही हसतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात मला फार रस नाही आणि तो देशोदेशी बदलतो. कॉपीराइटबद्दलच्या १८८६च्या बर्न करारात आज १८०हून अधिक देश आहेत, आणि त्याचं सार असं की निर्मिती झाली की हक्क आपोआप लागतो, नोंदणी लागत नाही, पाटी लागत नाही. म्हणजे पांढऱ्या पानावर 'कॉपीराइट' हा शब्द नसणं याला शून्य अर्थ आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१४ साली म्हटलं की खाजगी वापरासाठी प्रत काढायची सवलत बेकायदा स्रोताला लागू होत नाही, आणि २०१७ साली तोच तर्क तिथून नुसतं स्ट्रीम करून बघण्यालाही लावला. स्वित्झर्लंडमध्ये स्वतःपुरतं उतरवून घेणं चालतं. टोरेंटमध्ये आपण घेता घेता इतरांना देतही असतो, म्हणून तिथे लोक सापडतात. पांढऱ्या पानावरून फक्त घेतो, म्हणून ते सुरक्षित, असं लोक सांगतात. पकडलं जायची शक्यता कमी असेलही. पण पकडलं न जाणं हा परवाना नव्हे, आणि खरं सांगायचं तर त्या रात्रीनंतर हा मुद्दा माझ्यापुरता फिकाच पडला.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मनापासून मांडते. कारण कायदेशीर मार्गाचं कौतुक करणारे लेख वाचले की मला राग येतो. जणू सगळे सिनेमे तिथे मांडून ठेवलेत आणि आपण निव्वळ कंजूषपणानं मागल्या दारानं जातो.

सिनेमे नसतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ साली एक अहवाल काढला. १९१२ ते १९२९ या काळात तिथे बनलेल्या सुमारे ११ हजार मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात उरलेत अवघे १४ टक्के. बाकीच्यांतले बहुतेक जळले, कुजले, चांदी काढायला वितळवले गेले, नाहीतर जागा अडवतात म्हणून फेकले गेले. आणि ज्यांच्याकडे हक्क होते त्यांनीच पुष्कळदा फेकले. 'नोस्फेराटू'ची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. १९२२चा हा जर्मन सिनेमा ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता काढला. त्याच्या विधवेनं दावा लावला, जिंकला, आणि १९२५ साली न्यायालयानं सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. सिनेमा आज आहे तो हुकूम न पाळल्या गेलेल्या प्रतींमुळे. कायद्यानं वागले असते तर आज त्याचं फक्त नाव उरलं असतं. या गोष्टीपुढे मी गप्प होते. नेहमी होते.

पैसे भरले की वस्तू आपली होते असंही राहिलेलं नाही. अभिजात सिनेमांसाठी निघालेली फिल्मस्ट्रक ही सेवा दोन वर्षांत, २०१८च्या नोव्हेंबरात, बंद पडली. २०२३च्या डिसेंबरात सोनीनं जाहीर केलं की प्लेस्टेशनवर लोकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या संग्रहातून काढून टाकले जातील. ओरड झाली, नवा करार झाला, निर्णय मागे घेतला गेला. पण 'विकत घ्या' या बटणाचा अर्थ तेवढ्यात सगळ्यांना कळून चुकला. घेतो तो परवाना, आणि तो देणाऱ्याच्या मर्जीवर. वर सीमांची भानगड. एका देशात दिसणारा सिनेमा दुसऱ्या देशात 'उपलब्ध नाही'. पैसे हातात धरून उभं असलेल्या गिऱ्हाइकाला दार बंद करणारा हा एकमेव धंदा असावा.

तरीही त्या रात्रीनंतर मी पुढल्या दारानं जायला लागले, आणि दारं वाटली होती त्याहून जास्त निघाली. मॉसफिल्म या रशियन स्टुडिओनं २०११पासून आपले सिनेमे स्वतःच यूट्यूबवर ठेवायला सुरुवात केली, बऱ्याच ठिकाणी इंग्रजी सबटायटल्ससकट. कोरियन फिल्म अर्काइव्हचं अभिजात सिनेमांचं चॅनेल आहे. मी एक पूर्ण पावसाळा त्यावर काढला आणि पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या कोरियन बायकांच्या रागाच्या प्रेमात पडले. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं २००९ साली आपला खजिना ऑनलाइन उघडला. ॲनिमेशन असंही असतं हे मला तिथे कळलं. काही देशांत ग्रंथालयाच्या कार्डावर कॅनोपीसारख्या सेवा फुकट मिळतात. जस्टवॉचसारख्या ठिकाणी सिनेमाचं नाव टाकलं की तो आपल्या देशात कुठे दिसतो ते सांगतात. शोधाचा अर्धा वैताग तिथेच संपतो.

आणि हक्क संपलेले सिनेमे. अमेरिकेत त्या काळातल्या सिनेमांचा हक्क ९५ वर्षं पुरी झाली की संपतो, त्यामुळे १९२८चे १ जानेवारी २०२४ला मोकळे झाले, १९२९चे त्याच्या पुढच्या वर्षी. दर नव्या वर्षाला मी ती यादी बघते, बाकी लोक फटाके बघतात. काही सिनेमे तर गबाळेपणानंच मोकळे झाले. १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं नाव ऐनवेळी बदललं, नवं शीर्षक चिकटवताना कॉपीराइटची ओळ घालायची राहिली, आणि तेव्हाच्या नियमानुसार हक्कच गेला. इंटरनेट अर्काइव्हवर असे पुष्कळ सापडतात. तिथे गंमत म्हणजे प्रत्येक सिनेमाच्या पानावरून फाइलींची साधी यादी उघडता येते, पांढऱ्या पानाची सख्खी बहीण. मात्र तिथेही डोळे मिटून चालत नाही. वस्तू वाचकच चढवतात, त्यामुळे तिथे आहे म्हणजे मोकळं आहे असं नाही. अमेरिकेत मोकळा झालेला सिनेमा दुसऱ्या देशात अजून बांधलेला असू शकतो, आणि मूळ सिनेमा मोकळा असला तरी त्याला नव्यानं दिलेलं संगीत कोणाचं तरी असतं.

मला यात सगळ्यात काय भावलं असेल तर एक क्षुल्लक गोष्ट. प्रत्येक ठिकाणी कुठेतरी खाली संपर्काचा पत्ता असतो. सबटायटल्स पुढे-मागे पळत होती म्हणून मी एका संग्रहालयाला लिहिलं होतं, आणि तीन आठवड्यांनी कोणीतरी आभार मानून दुरुस्त केली. पांढऱ्या पानावर सिनेमाच्या जागी दुसरंच काही निघालं, तर कुणाला लिहायचं?

लिहायचं मलाच होतं खरं तर. त्या माणसाला. आणि इथे पंचाईत झाली. पत्ता कुठून आणायचा? पानाच्या पत्त्यात नुसते आकडे. त्याचं नाव, ई-मेल, सगळं त्या 'स्कॅन'मध्ये असणार, पण ते उघडल्याशिवाय 'तुझं दार उघडं आहे' असं सांगता येणार नाही, आणि उघडलं तर मी सांगणारी राहणार नाही. दोन दिवस यावर घोळ घातला. शेवटी मित्रानं त्या आकड्यांवरून इंटरनेट पुरवणारी कंपनी शोधली. गैरवापर कळवायचा पत्ता अशा कंपन्या जाहीर ठेवतात. तिथे मी चार ओळी लिहिल्या: अमुक पत्त्यावर तुमच्या एका ग्राहकाची खाजगी कागदपत्रं उघडी आहेत, कृपया कळवा. मला कशी सापडली, ते लिहिलं नाही.

उत्तर आलं नाही. रोज सकाळी मी तो पत्ता उघडून बघायचे, आत न शिरता, नुसतं दार. अकराव्या की बाराव्या दिवशी यादीच्या जागी दोनच ओळी आल्या. ४०३. फॉरबिडन. खाली लहान अक्षरांत, तुम्हाला हे बघायची परवानगी नाही. मी तो स्क्रीनशॉट मित्राला पाठवला. त्यानं अंगठा दाखवला आणि विचारलं, "सिनेमाचं काय?"

सिनेमाचं असं झालं की मी त्या देशाच्या चित्रपट संग्रहालयाला लिहिलं. मोडक्या इंग्रजीत, स्टेशनवरच्या बाईसकट. महिन्याभरानं उत्तर आलं, खाली सही, पूर्ण नाव, कोणत्या वारी किती ते किती भेटता येईल हेसुद्धा. त्यांच्याकडे एकच प्रत आहे, चौथं रीळ आकसलंय, दुरुस्तीच्या रांगेत आहे, कधी होईल सांगता येत नाही, झाली तर कळवू. आणि शेवटी एक ओळ: तुम्ही म्हणता तो प्रसंग चौथ्या रिळातच आहे.

मी उलट टपाली विचारलं, बाई हात खाली घेते का? त्याचं उत्तर अजून यायचंय.